‘आढळले नाही’ म्हणजे ‘नव्हते’ असे नाही : एक रशियन प्रेमपट आणि फाइलींचा इतिहास



पेट झाली, मार्गदर्शक ठरले, आता संशोधन आराखडा लिहायचा आहे. या टप्प्यावर असलेल्यांना एक प्रश्न हमखास पडतो : “माझ्या विषयावर पुराभिलेखागारात काहीच सापडत नाही. विषय बदलू का?” याचं सरळ हो किंवा नाही असं उत्तर नाही. म्हणून आज एक उदाहरण घेऊन बघू. ते बहुधा तुमच्या विषयापासून लांबचं असेल. तेच बरं आहे. दुसऱ्याच्या विषयातली अडचण आपल्याला जास्त स्पष्ट दिसते.

उदाहरण आहे २००४ सालच्या एका रशियन चित्रपटाचं. ‘या ल्युब्ल्यू तेब्या’. दिग्दर्शक ओल्गा स्तोल्पोव्स्काया आणि दिमित्री त्रोइत्स्की. इंग्रजीत तो ‘यू आय लव्ह’ या नावाने दाखवला गेला आणि त्याच वर्षी बर्लिन महोत्सवाच्या पॅनोरामा विभागात पोचला. गोष्ट अशी : वेरा टीव्हीवर बातम्या देते. तिमोफेय जाहिरात क्षेत्रात आहे. दोघं प्रेमात पडतात, दोघांचं बरं चाललंय. मग तिमोफेयच्या आयुष्यात उलूमजी नावाचा तरुण येतो, तोही अक्षरशः त्याच्या गाडीवर आदळून. उलूमजी काल्मिक आहे, मॉस्कोत पोट भरायला आलेला. तिमोफेय त्याच्या प्रेमात पडतो, पण वेरावरचं त्याचं प्रेम संपत नाही. इथून पुढची धांदल म्हणजे हा चित्रपट. आणि हे सगळं हसतखेळत, रोमँटिक कॉमेडी म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठे आला? सांगते.

आधी शब्द नीट करून घेऊ

तिमोफेयला स्त्रीचंही आकर्षण आहे आणि पुरुषाचंही. याला मराठीत काय म्हणायचं? बरेच जण ‘उभयलिंगी’ लिहितात. विज्ञान शाखेतून आलेल्यांना इथे खटकायला हवं. गांडूळ उभयलिंगी असतं, जास्वंदीचं फूल उभयलिंगी असतं, म्हणजे एकाच शरीरात दोन्ही लिंगांचे अवयव असतात. तिमोफेयच्या बाबतीत प्रश्न शरीराचा नसून ओढीचा आहे, म्हणून शब्द ‘उभयलैंगिक’. हा घोळ फक्त मराठीतला नाही. युरोपातसुद्धा एकोणिसाव्या शतकात ‘बायसेक्शुअल’ हा शब्द आधी जीवशास्त्रात शरीरासाठी होता आणि मग मानसशास्त्रात मनासाठी वापरात आला. जुने वैद्यकीय कागद वाचताना तो शब्द दिसला की आधी विचारायचं : हा शरीराबद्दल बोलतोय की मनाबद्दल? नाहीतर १९००च्या कागदात आपल्याला २०२०चा अर्थ दिसायला लागतो.

आता चित्रपटाचं नाव घ्या. त्याचं भाषांतर करायला बसा. ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ की ‘करते’? मराठी क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगून मोकळं होतं. रशियनमध्ये वर्तमानकाळात तसं होत नाही. ‘ल्युब्ल्यू’ पुरुषाने म्हटलं काय आणि स्त्रीने म्हटलं काय, रूप एकच. ‘तेब्या’ कुणालाही म्हणता येतं. म्हणजे हे वाक्य त्या तिघांपैकी कुणीही कुणालाही म्हणू शकतं. मराठीत ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असा वळसा घेतला तरच ते जमतं.

ही गंमत म्हणून सांगत नाहीये. कुठलंही नोंदीचं साधन, मग ते भाषा असो की फॉर्म की कायदा, काही गोष्टी आपोआप टिपतं आणि काही गाळतं. प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासले असतील तर अहवालातला ‘बीडीएल’ हा शेरा तुम्हाला माहीत असेल : बिलो डिटेक्शन लिमिट. पाण्यात आर्सेनिक नाही, असा त्याचा अर्थ नसतो. आमच्या यंत्राला इतकं कमी दिसत नाही, एवढाच असतो. म्हणून चांगल्या अहवालात शेऱ्यासोबत यंत्राची मर्यादा किती ते लिहिलेलं असतं. इतिहासातल्या फाइलींना मात्र अशी मर्यादा कुणी छापून देत नाही. ती आपल्याला शोधून काढावी लागते.

कायद्याचं यंत्र काय टिपत होतं

रशियात पुरुषांमधल्या संबंधांना सामान्य नागरिकांसाठी गुन्हा ठरवलं ते १८३२च्या संहितेने. १९१७च्या क्रांतीनंतर झारचे कायदे रद्द झाले, आणि १९२२मध्ये रशियन प्रजासत्ताकाची नवी दंडसंहिता आली तेव्हा त्यात हा गुन्हाच नव्हता. (आपल्याकडे अशी फट कधी पडली नाही. १८६०च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ सलग चालत राहिलं. २००९च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाने मिळालेली मोकळीक २०१३मध्ये गेली आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्याबाहेर काढले.)

तर १९२२. कायदा गप्प झाला. यावरून बरेच जण घाईने लिहितात की बोल्शेविकांनी समलैंगिकतेला मान्यता दिली. थांबा. त्याच दशकात अझरबैजानच्या १९२३च्या आणि उझबेकिस्तानच्या १९२६च्या सोव्हिएत संहितांत ही बंदी होती. म्हणजे मॉस्कोतलं मौन एका अर्थाचं आणि बाकूतलं बोलणं दुसऱ्या अर्थाचं. मॉस्कोत हा विषय न्यायाधीशाकडून डॉक्टरकडे गेला होता. १९३०च्या ‘बृहत् सोव्हिएत विश्वकोशा’त समलैंगिकतेवरची नोंद एका मानसोपचारतज्ज्ञाने लिहिली. सूर सहानुभूतीचा आहे, पण खुर्ची डॉक्टरची आहे. कायद्याचं मौन, समाजाची मान्यता आणि वैद्यकाची सहानुभूती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या आराखड्यात त्या एका वाक्यात कोंबू नका.

मग यंत्र पुन्हा चालू झालं. सप्टेंबर १९३३मध्ये गुप्त पोलीस खात्याच्या यागोदाने स्तालिनला कळवलं की मॉस्को आणि लेनिनग्राडमध्ये सुमारे १३० जणांना अटक झाली आहे. डिसेंबर १९३३ ते मार्च १९३४ या दरम्यान कायदा झाला आणि कलम १५४-अ आलं : संमतीच्या संबंधांनाही तीन ते पाच वर्षं कैद. मॉस्कोत काम करणाऱ्या हॅरी व्हाइट या ब्रिटिश कम्युनिस्ट पत्रकाराने स्तालिनला लांबलचक पत्र लिहून विचारलं की समलैंगिक माणूस कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य राहू शकतो का. पत्रावर अपमानास्पद शेरा मारून स्तालिनने ते पुराभिलेखागारात टाकलं. छापून आलं ते १९९३मध्ये, जवळजवळ साठ वर्षांनी. १९६०च्या संहितेत कलमाचा आकडा १२१ झाला, कमाल शिक्षा पाच वर्षं. १९९३मध्ये येल्त्सिनच्या काळात संमतीच्या संबंधांपुरतं ते रद्द झालं. त्या वेळी अठरा वर्षांचा असलेला तरुण २००४मध्ये एकोणतीस वर्षांचा होतो. तिमोफेयच्या पिढीचा हिशेब असा आहे : वयात येईपर्यंत कायदा होता, वयात आल्यावर नव्हता.

आता महत्त्वाचा प्रश्न. या साठ वर्षांच्या फाइलींमध्ये तिमोफेयसारखा माणूस सापडेल का?

सापडेल, पण अर्धाच. कलम होतं ते पुरुषाने पुरुषाशी केलेल्या कृत्यावर. पोलिसांना सिद्ध करायचं होतं ते कृत्य. आरोपीचं त्याच्या बायकोवर प्रेम होतं की नाही, हे त्या फाइलीत का यावं? आलं तर ‘विवाहित’ एवढ्या एका शब्दात येतं. तो शब्द म्हणजे खरं प्रेम, की घरच्यांचा दबाव, की लपण्याचं आडोशाचं ठिकाण? कागद सांगत नाही. स्त्रियांचं तर नावच नाही, कारण कलमात स्त्रिया नव्हत्या. त्या सापडतात त्या मानसोपचाराच्या नोंदींत, आणि तिथे त्या रुग्ण असतात. थोडक्यात, उभयलैंगिकता या यंत्राच्या मर्यादेखाली आहे. बीडीएल.

एस. नावाची बाई

याचं एक ठळक उदाहरण देते. डॅन हीली या इतिहासकाराचं क्रांतिकालीन रशियातल्या समलैंगिक जीवनावरचं पुस्तक २००१मध्ये आलं. त्यात एका प्रकरणाची चर्चा आहे, जे सोव्हिएत मानसोपचारतज्ज्ञ एडेलश्टाइन यांनी १९२७मध्ये प्रसिद्ध केलं होतं. एम. ही व्यक्ती जन्माने स्त्री. क्रांतीनंतर तिने कागदपत्रांवर पुरुषाचं नाव घेतलं, पुरुषाच्या वेषात गुप्त पोलीस खात्यात नोकरी केली आणि १९२२मध्ये एस. नावाच्या टपाल खात्यातल्या बाईशी लग्न केलं. प्रकरण उघडकीला आलं, न्याय खात्यापर्यंत गेलं, आणि विवाह परस्परसंमतीने झालेला असल्यामुळे तो वैध मानला गेला.

एवढं वाचून सगळे एम.बद्दल बोलायला लागतात. साहजिक आहे. वेष बदलणं, पोलिसातली नोकरी, बनावट कागद. डॉक्टरांनाही त्याच्यातच रस होता. पण पुढचा भाग वाचा. एस.चे पुढे आपल्याच कार्यालयातल्या एका पुरुषाशी संबंध आले, तिला मूल झालं, आणि ते मूल एम.ने आपलं म्हणून दत्तक घेतलं.

दोन प्रौढ व्यक्तींवर प्रेम, एक मूल, एक विलक्षण घर. ‘या ल्युब्ल्यू तेब्या’ची गोष्ट ज्या प्रकारची, जवळपास त्याच प्रकारची, पण ऐंशी वर्षं आधीची आणि खरी. आणि जिच्यावर हे घर उभं होतं ती एस. आपल्याला कशी मिळते? एका आद्याक्षराएवढी. ती स्वतःला काय म्हणवत होती, कुणावर तिचं जास्त प्रेम होतं, की हा प्रश्नच तिला कधी पडला नव्हता, हे कुणी तिला विचारून लिहून ठेवलेलं नाही. कारण ती ‘केस’ नव्हती. केस एम. होता.

इथे दोन मोह टाळायचे. पहिला : एस.ला आजचं लेबल चिकटवून ‘सोव्हिएत रशियातली उभयलैंगिक स्त्री’ असं ठोकून देणं. दुसरा : पुरावा नाही म्हणून तिला सोडून देणं. पहिल्यात आपण तिच्या तोंडात शब्द घालतो, दुसऱ्यात डॉक्टरांनी केलेलं दुर्लक्ष पुढे चालवतो. मधला रस्ता कंटाळवाणा आहे पण प्रामाणिक आहे : जे वागणं नोंदलेलं आहे ते सांगायचं, नोंद कुणी आणि कशासाठी केली ते सांगायचं, आणि पुढे थांबायचं.

मग कॉमेडी काय टिपते?

१९२७ या सालाला आणखी एक गोष्ट घडली. अब्राम रूम यांचा ‘त्रेत्या मेश्चान्स्काया’ हा मूकपट प्रदर्शित झाला. पटकथालेखनात व्हिक्तर श्क्लोव्स्की होते. मॉस्कोत घरांची भयंकर टंचाई. नवरा-बायकोच्या एका खोलीत नवऱ्याचा मित्र सोफ्यावर मुक्कामाला येतो. बायकोचं त्याच्याशी जमतं, मग सोफ्यावर नवरा जातो. पुढे बाई गरोदर राहते, दोघं पुरुष तिला गर्भपाताला पाठवायला निघतात (१९२० ते १९३६ या काळात तिथे तो कायदेशीर होता), पण ती दवाखान्यातून उठते, दोघांनाही सोडून आगगाडीत बसते. मागे उरतात दोन पुरुष, एकमेकांसोबत, फारसे दुःखी न होता.

हा चित्रपट उभयलैंगिकतेवर नाही, असं कुठे लिहूही नका. पण तिघांचं घर कसं चालतं, चहा कोण करतं, झोपायला जागा कुणाला, राग कुणाचा, हे त्यात दिसतं. न्यायालयाची फाइल कृत्य टिपते, दवाखान्याची फाइल लक्षण टिपते. रोजचं जगणं टिपते ती कॉमेडी, कारण तिचा सगळा मालमसालाच तो. आणि कॉमेडीला एक अट लागते : पात्रांना उद्या तुरुंगात जायचं नाही, हे प्रेक्षकाला माहीत हवं. प्रेक्षक घाबरलेला असला तर हसत नाही. म्हणून एखाद्या समाजात एखाद्या विषयावर कॉमेडी निघते, हाच त्या काळाचा पुरावा असतो. १९२७ हे वर्ष १९२२ ते १९३३च्या फटीत बसतं. २००४ हे १९९३नंतरच्या फटीत.

त्या दुसऱ्या फटीत काय काय होतं बघा. १९९९मध्ये रशियाने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची दहावी आवृत्ती स्वीकारली, तिच्यात समलैंगिकता हा आजार नव्हता. २००३मध्ये युरोव्हिजन स्पर्धेत रशियाकडून ‘तातू’ ही जोडी गेली. दोन मुली, प्रेयसी असल्याचा देखावा करून गाजवलेल्या. तिसऱ्या आल्या. म्हणजे हा विषय बाजारात विकला जात होता. तेलाचा पैसा येत होता, जाहिराती जोरात होत्या. तिमोफेय जाहिरातीत आणि वेरा टीव्हीवर, हा योगायोग नाही. त्या काळच्या मॉस्कोचे हेच दोन चकचकीत चेहरे होते.

पण चित्रपट एक गोष्ट आणखी टिपतो, आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. तिसरा माणूस मॉस्कोचा नाही, काल्मिक आहे. काल्मिक हे कॅस्पियन समुद्राच्या वायव्येला राहणारे बौद्ध, मंगोल वंशाचे लोक. डिसेंबर १९४३मध्ये स्तालिनने नव्वद हजारांहून जास्त काल्मिकांना मालडब्यात भरून सायबेरियात पाठवलं. परतायची परवानगी मिळाली १९५७मध्ये. राजधानीत अशा तरुणाकडे रशियन माणसं ‘बाहेरचा’ म्हणूनच बघतात. त्यामुळे तिमोफेयने कुणावर प्रेम केलं याला दोन बाजू आहेत : पुरुषावर, आणि परक्यावर. उलूमजीचे नातेवाईक मध्ये पडतात तेव्हा तिसरी बाजू येते, घराण्याची. पोलिसांच्या फाइलीत यातली एकच बाजू आली असती.

अर्थात चित्रपटालाही स्वतःची मर्यादा आहे. तो मॉस्कोच्या कमावत्या लोकांचा आहे, महोत्सवांत फिरलेला आहे, आणि उलूमजीला तो थोडं ‘निसर्गाचं लेकरू’ करून टाकतो. यावरून ‘२००४मधला रशियन समाज असा होता’ असं लिहिलंत तर परीक्षक तुम्हाला सोडणार नाहीत. ‘२००४मध्ये रशियात असं दाखवता येत होतं’ एवढं मात्र नक्की लिहिता येतं.

फट बंद झाली

२००६मध्ये रियाझान प्रांताने अल्पवयीनांमध्ये समलैंगिकतेच्या ‘प्रचारा’वर दंड बसवला. त्याच वर्षी मॉस्कोच्या महापौरांनी प्राइड मोर्चाला परवानगी नाकारली. २०१२मध्ये सेंट पीटर्सबर्गने कायदा केला आणि जून २०१३मध्ये देशभर झाला : अल्पवयीनांमध्ये ‘अपारंपरिक लैंगिक संबंधां’चा प्रचार करायला मनाई. हा ‘अपारंपरिक’ शब्द लक्षात ठेवा. रशियनमध्ये ‘नेत्रादित्सिओन्नी’. त्याआधी वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात तो एक आडवळणाचा, सभ्य शब्द म्हणून वापरात होता. आपण एखाद्या प्रेमपटाबद्दल ‘जरा वेगळ्या प्रेमाची गोष्ट’ म्हणतो, तसा. व्याख्या न देता तोच शब्द कायद्यात बसला. सौम्य शब्दाची ही धार बघा : ‘पुरुष-पुरुष संबंध’ म्हटलं असतं तर तिमोफेय आणि वेराचं प्रेम तरी बाहेर राहिलं असतं. ‘अपारंपरिक’मध्ये काय बसतं ते ठरवणारा न्यायाधीश.

डिसेंबर २०२२मध्ये ‘अल्पवयीन’ ही अट गेली. आता सगळ्या वयांसाठी बंदी, संस्थांना पन्नास लाख रूबलपर्यंत दंड, आणि असा ‘प्रचार’ असलेल्या चित्रपटाला प्रदर्शनाचा परवाना मिळत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ला रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ अतिरेकी ठरवली. अशा संघटनेत सहभागासाठी सहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गंमत म्हणजे या नावाची कुठलीही नोंदणीकृत संस्था नाही. म्हणून सदस्य कोण, हे सुद्धा पुन्हा न्यायाधीशच ठरवणार.

तुमच्यासाठी याचा अर्थ

शंभर वर्षांनी कुणीतरी आजच्या रशियाचा इतिहास लिहायला बसेल. त्याला पोलिसांचे छापे, खटले, दंडाच्या पावत्या ढिगाने मिळतील. हसणारं एकही घर मिळणार नाही, कारण तशा चित्रपटाला परवानाच नाही. त्याने फाइलींवर विश्वास ठेवला तर त्याला वाटेल, ही माणसं फक्त गुन्हेगार म्हणूनच जगली. कायद्याने माणसं कमी होत नाहीत. आपल्याला ती दिसण्याचे मार्ग कमी होतात.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. विषय बदलण्याआधी आपल्या साधनांना हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं आराखड्यात लिहा :

१. ही नोंद कुणी ठेवली, आणि तिला काय सिद्ध करायचं होतं?

२. माझा विषय त्या नोंदीच्या मर्यादेच्या वर येतो की खाली?

३. दुसरं कुठलं साधन वेगळी गोष्ट टिपतं? पत्रं, खानावळीच्या वह्या, विनोद, जाहिराती, चित्रपट?

४. ज्यांच्याबद्दल लिहितोय ती माणसं किंवा त्यांच्या जवळची माणसं हयात आहेत का, आणि माझ्या लिहिण्याने त्यांना धोका आहे का?

चौथा प्रश्न शेवटी आहे, पण उत्तर आधी त्याचं शोधा. १९२७च्या त्या डॉक्टरांनी एस.बद्दल फार थोडं लिहिलं, पण तिचं नाव छापलं नाही. आज मॉस्कोतल्या कुणाची मुलाखत घेऊन ती नावानिशी छापणारा संशोधक तेवढीही काळजी घेत नसतो. काही नोंदी आपल्या साधनांच्या मर्यादेखाली राहतात. काही आपण स्वतःहून, जाणूनबुजून, तिथेच ठेवायच्या असतात.